पांढरकवडा ते पुणे, व्हाया कारंजा: एका कुटुंबाच्या प्रवासाचं प्रकरण

रुग्ण दोन. साडेचार वर्षांचा मुलगा, सकाळपासून पाच उलट्या. आणि त्याची चौदा महिन्यांची बहीण. तिच्याबद्दल आईची तक्रार एवढीच की "लहानी उठूनच नाही राहिली." २०२५ चा मे महिना, शुक्रवार, दुपारचे पावणेदोन, कारंजा लाड.

माझा दवाखाना लहान मुलांचा आहे. समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज इथे झाल्यापासून प्रवासातली मुलं माझ्याकडे जास्त येऊ लागली आहेत. त्यातलं हेच प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात जगावेगळं काहीच नव्हतं. गाडी चांगली, चालवणारा सरळ माणूस, घरात पोरांवर जीव टाकणारी मंडळी. तरी दीडशे किलोमीटरांत दोन्ही लेकरं दवाखान्यात आली. पुण्यापर्यंतचे सहाशेच्या वर किलोमीटर होते आणि गाडी अजून महामार्गावर चढलीही नव्हती. कुटुंबाची परवानगी घेऊन लिहिते आहे, गाव आणि नावं मात्र देत नाही.

घर आणि घाई

पांढरकवड्याकडचं कपाशी-तुरीचं घर. मुलांचे वडील शेती सांभाळून कृषी केंद्र चालवतात. धाकट्या भावानं पुण्यात फ्लॅट घेतला, त्याची वास्तुशांत शनिवारी सकाळी. दोन दिवस आधी निघा, असं धाकट्यानं सांगितलं होतं. पण मेच्या उत्तरार्धात कृषी केंद्राचं शटर खाली ओढणं सोपं नसतं. बियाण्यांची चौकशी सुरू झालेली असते, मागची उधारी याच दिवसांत वसूल होते. म्हणून ठरलं की शुक्रवारी पहाटे पाचला निघायचं आणि संध्याकाळी पुण्यात. वडिलांच्या भाषेत, "एका दमात."

निघायला साडेनऊ वाजले. आजीच्या कुरडयांचे डबे, सांडगे, नव्या लोणच्याची बरणी, तुरीची डाळ, गव्हाचा एक कट्टा हे सगळं मागची सीट पाडून भरायचं होतं. मध्येच एक गिऱ्हाईक हिशेब करायला घरी आलं. शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो, त्याआधी उंबरा ओलांडायलाच हवा, असं आजोबांचं म्हणणं. मग शेवटचा अर्धा तास सगळी धावपळ. पोरांना पुढे लवकर काही मिळायचं नाही म्हणून शिरा-पुरी पोटभर आणि वर ग्लासभर दूध. हातावर दहीसाखर. बंपरला लिंबू-मिरची.

बसायची व्यवस्था अशी: वडील चालवत होते. त्यांच्या शेजारी आजोबा, आजोबांच्या मांडीवर मोठा, कारण त्याला "समोरचं पाहायचं" असतं. मधल्या सीटवर आजी आणि आई, आईच्या मांडीवर लहानी. एसी बंद. एसीनं लेकरांना सर्दी होते, हे त्या घरात सर्वमान्य आहे.

यवतमाळ यायच्या आत मोठ्याच्या दोन उलट्या झाल्या. तो रडायला लागला म्हणून त्याला मोबाइलवर कार्टून लावून दिलं. यवतमाळला वडिलांनी औषधाच्या दुकानात विचारलं, गाडी लागते, काही द्या. दुकानदारानं एक सिरप दिलं. मोठ्याला एक झाकण. लहानी किरकिर करत होती, म्हणून तिलाही अर्धं. "दोघंही झोपतीन, रस्ता निघून जाईन," असा हिशेब. मोठ्यानं ते दहा मिनिटांत ओकून टाकलं. लहानीच्या पोटात राहिलं.

दारव्ह्याला गाडी पंधरा-वीस मिनिटं थांबली. वडील आणि आजोबा थंड पाण्याच्या बाटल्या आणायला गेले, मोठा त्यांच्यासोबत. लहानी झोपली होती, तिला कशाला उठवायचं म्हणून आई आणि आजी गाडीतच बसल्या. इंजीन बंद, गाडी उन्हात, काचा चार बोटं खाली.

दवाखान्यात

मी आधी लहानीला घेतलं. उलट्या करणारं मूल रडतं, ओरडतं, सगळ्यांचं लक्ष ओढून घेतं. गप्प पडलेलं मूल मागे राहतं, आणि बहुतेक वेळा धोका तिथेच असतो. आजीच्या मते ती "शहाण्यासारखी झोपली" होती. अंग तापलेलं, ओठ कोरडे, लंगोट सकाळपासून बदलावाच लागला नव्हता. चिमटा घेतला की डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. श्वास मोजले, ते ठीक होते. ऑक्सिजन ठीक. साखर ठीक.

सिरपची बाटली मागवून घेतली. प्रोमेथाझिन. गाडी लागण्यावर मोठ्या माणसांना आणि मोठ्या मुलांना हे देतात, पण दोन वर्षांखालच्या मुलाला देऊच नये. या वयात त्यानं श्वास मंदावतो आणि तो कधी, किती मंदावेल याचा अंदाज बांधता येत नाही. बाटलीवर इंग्रजीत बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं. ते झाकण मोजणाऱ्या माणसाच्या नजरेस पडेल अशी अपेक्षा करणं म्हणजे चेष्टा आहे. वरून सांगते, प्रवासात मूल झोपावं म्हणून औषध पाजणं हा प्रकार आपल्याकडे इतका सर्रास आहे की विचारल्याशिवाय कोणी सांगतही नाही. मी दर वेळी विचारते, आणि "थोडंसंच" हे उत्तर पुष्कळदा येतं.

लहानीचे कपडे काढून कोमट पाण्यानं अंग पुसलं, पंख्याखाली ठेवलं, बोटाला ऑक्सिमीटर लावून नजरेसमोर. साडेतीनच्या सुमारास ती नीट जागी झाली आणि आईला शोधू लागली. पाजायला घेतली तर दूध कमी.

आई सकाळपासून जेमतेम अर्धा ग्लास पाणी प्यायली होती. का, तर वाटेत लघवीला जायचं कुठे? पुरुष बाभळीआड उभे राहतात, बाईला पंपावरचं कुलूप उघडून मागावं लागतं, आणि उघडलंच तर आत पाय ठेवण्यासारखं नसतं. म्हणून प्रवासाच्या दिवशी पाणी तोडायचं हे आमच्या भागातल्या बायका आपसूक करतात. अंगावर पाजणारी बाईसुद्धा. ४४ अंशांत, खिडकीतून भट्टीसारखी झळ घेत, मांडीवर दहा किलोचं पोर घेऊन ती चार तास बसली होती. लहानीच्या तब्येतीचा विचार करताना या बाईच्या तहानेचा विचार कुणीच केला नव्हता, तिनं स्वतःही. तिला आधी दीड लिटर पाणी आणि ताक पाजलं. पाच वाजता लहानीनं लंगोट भिजवला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मोठ्याचं प्रकरण सोपं होतं. गाडी लागणं दोन वर्षांपासून साधारण बारा वर्षांपर्यंत सर्वांत जास्त दिसतं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला सांगतो की आपण हलतोय, वळतोय, आदळतोय. डोळे मोबाइलच्या स्थिर पडद्यावर असतात, ते सांगतात की काही हलत नाही. या दोन खबरा जुळल्या नाहीत की मळमळ सुरू. म्हणजे रडू थांबवायला दिलेलं कार्टूनच पुढच्या उलट्या घेऊन आलं. त्यात पोटात तूप, साखर आणि दूध. उलटीनंतर त्याला लगेच थंड पेय दिलं होतं, तेही बाहेर आलं.

त्यांच्याकडे ओआरएस होतं, पण आजीनं पाव पाकीट कपभर पाण्यात कालवलं होतं, चव लागावी म्हणून. २१ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं, ४.२ ग्रॅमचं २०० मिलिलिटरसाठी. घट्ट केलं तर मीठ जास्त होतं आणि ते धोक्याचं. सोबत दुकानातून घेतलेला, नावात ओआरएस असलेला एक गोड डबाही होता. अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. त्या मे महिन्यात मात्र तो डबा औषधाच्या शेजारी मांडून विकला जात होता, आणि घेणाऱ्याला फरक कळायला काही मार्ग नव्हता. मोठ्याला उलटीनंतर दहा मिनिटं काहीच दिलं नाही. मग नीट कालवलेलं ओआरएस, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. तासाभरात तो वॉर्डातल्या खाटेवर उड्या मारत होता.

कुठे काय चुकत गेलं

वडिलांना ऊन आणि खराब रस्ता दोषी वाटत होते. "समृद्धीवर चढलो असतो तं काही झालं नसतं, मॅडम." मला उलटं वाटतं. समृद्धीवर चढले असते तर जास्त वाईट झालं असतं. जुन्या रस्त्यावर पोर ओकायला लागलं की पहिल्या कडुलिंबाखाली गाडी लावता येते. समृद्धीवर मध्येच थांबायचं नसतं. कडेला उभ्या गाडीवर मागून येणारा ट्रक आदळतो, असे अपघात तिथे झालेले आहेत. सपाट भागात १२० ची मुभा, दोन्ही बाजूंनी कुंपण, आणि खाण्यापिण्याच्या सोयी लांब लांब. तिथे थांबा मनात आला म्हणून होत नाही, तो घरून ठरवून निघावं लागतं. हे घर सगळं ठरवून निघालं होतं, कुरडयांच्या डब्यांच्या जागेपर्यंत. थांबे तेवढे ठरले नव्हते, कारण एका दमात जायचं होतं.

उन्हाचंही तसंच. ऊन कुणाच्या हातात नाही, निघायची वेळ होती. पहाटे पाचला निघाले असते तर साडेआठ-नऊला कारंजा पार झालं असतं. साडेनऊला निघून त्यांनी दिवसातले सर्वांत वाईट तास नेमके सर्वांत वाईट रस्त्याला दिले. हवा अंगापेक्षा गरम असते तेव्हा खिडकीतला वारा गार करत नाही, तापवतो. एसीची भीती इथे महागात पडली. २६-२७ अंशांवर, झोत तोंडावर न घेता चालवला तर एसीनं काही होत नाही. दारव्ह्याचा थांबा वरवर साधा दिसतो, सोबत दोन मोठी माणसं होती. पण उन्हात बंद उभी गाडी पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी तापते, काचा थोड्या खाली असल्या तरी. लहान मुलाचं अंग मोठ्यांच्या कितीतरी पट वेगानं तापतं, आणि औषधानं गुंगलेलं मूल रडून सांगत नाही.

आणि आता मांडीचं. कुटुंबाला यात दवाखान्याचा संबंध दिसला नाही, कारण यातून काही घडलं नव्हतं. मी तरी सांगितलं. गाडी ५० च्या वेगात असताना कशावर आदळून दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोचं मूल हातात धरून ठेवायला साधारण १४० किलो उचलण्याइतका जोर लागतो. कुणाही आईचे हात तो धरू शकत नाहीत, माया कितीही असो. पुढच्या सीटवर आजोबांच्या मांडीवर तर समोरच एअरबॅग. पापणी लवायच्या आत ती फुगते आणि तिची मांडणी मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशेबानं केलेली असते, साडेचार वर्षांच्या डोक्याच्या नाही. मागे न बांधलेला गव्हाचा कट्टा आणि लोणच्याची बरणी. कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ ब प्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा बालआसनानं सुरक्षित केलेलं नसेल तर हजार रुपये दंड. आमच्याकडे या कलमाखाली पावती फाटलेली मी पाहिलेली नाही. लोकांना पट्टा म्हणजे पोलीस दिसला की ओढायची गोष्ट वाटते, त्याचं एक कारण हेही असावं.

त्या संध्याकाळचा निर्णय

साडेपाचला प्रश्न उभा राहिला, आता काय. वडिलांचा बेत रातोरात पुणे गाठायचा. ते पहाटे चारपासून जागे होते आणि गाडी दुसऱ्या कुणाला येत नव्हती. सरळ, एकसुरी रस्त्यावर, मध्यरात्रीनंतर, थकलेला एकटा चालक. मी नको म्हटलं. आजोबा मुहूर्तावर अडले. "वास्तुशांत मायबापाविना कशी होईन?" खरंच होतं ते. मोठ्या माणसांच्या कार्याला किंमत नाही आणि फक्त पोरांचीच सोय पाहायची, असं मीही म्हणणार नाही.

सुटका गुरुजींनी केली. धाकट्यानं फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, सकाळचा राहू द्या, दुपारी अभिजित मुहूर्त आहे, त्यात बसवू. मग साडेसहाला ऊन उतरल्यावर निघून छत्रपती संभाजीनगरला मुक्काम आणि पहाटे पुढे, असं ठरलं. मोठ्यानं दहीभात खाऊन पचवला होता. त्याला मधल्या सीटवर खिडकीपाशी पट्टा लावून बसवलं. त्याच्या उंचीला उशीसारखं उंच आसन हवं होतं, ते नव्हतं, पण मांडीपेक्षा हे बरं. कट्टा सीटच्या पाठीला टेकवून दोरीनं बांधला. लहानीसाठी त्या रात्री खरा उपाय नव्हताच. आई मधल्या सीटवर, पट्टा फक्त आईला. दोघींभोवती एकच पट्टा गुंडाळला तर आदळताना आईच्या वजनाखाली मूल चिरडतं, हे मुद्दाम बजावलं. गाडी ८० च्या वर न्यायची नाही, एवढंच वर सांगता आलं. शनिवारी दहाच्या सुमारास ते पुण्यात पोहोचले. वास्तुशांत झाली.

परतीचा प्रवास

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. वडील कार्यानंतर लगेच एसटीनं दुकानावर परतले होते, बाकीची मंडळी जूनच्या मध्यापर्यंत तिथेच राहिली. मग वडील त्यांना घ्यायला गेले. निघण्याआधी त्यांनी मला फोन केला, आणि खरं काम त्या अर्ध्या तासाच्या फोनमध्ये झालं.

धाकट्यानं तोवर लहानीसाठी बालआसन घेतलं होतं. जुनं घेणार होते, पण जुनं आसन कुठल्या अपघातातून आलेलं आहे का ते कळत नाही, म्हणून नवं. बसवताना पाहिलं तर गाडीच्या मधल्या सीटच्या फटीत आयसोफिक्सच्या, म्हणजे बालआसन अडकवायच्या, कड्या होत्या. तीन वर्षं गाडी वापरून मालकाला त्यांचा पत्ता नव्हता. आसन मागे तोंड करून बसवायचं, निदान दोन वर्षांची होईपर्यंत, कारण या वयात मान नाजूक आणि डोकं जड असतं. आजीला ते अजिबात पटलं नाही. "लेकराले असं बांधून ठेवता काय? तिचं तोंड बी दिसत नाही." आसन आठवडाभर हॉलमध्ये ठेवून लहानीला त्यात बसवून भरवायचं, हा सल्ला मी दिला होता. तिनं त्यात बसून वरणभात खाल्ला. पण गाडीत बसवल्यावर पहिला तासभर ती रडली ती रडलीच. रांजणगावच्या पुढे झोपली.

या वेळी दोन दिवस. पहाटे पाचला पुणे सोडलं, ऊन चढायच्या आत संभाजीनगर, दुपार आणि रात्र मावशीकडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे. दर दोन तासांच्या आत थांबा, आणि तो कुठे हे आधी कागदावर. सिंदखेडराजाला महामार्गावरून खाली उतरून लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यात तासभर. मोठा तिथे मनसोक्त पळाला. जिजाऊंचं जन्मस्थान पाहायचं म्हणून आजोबाही खुश. असा थांबा मोठ्या माणसांनाही हवासा वाटला पाहिजे, नाहीतर तो पहिल्या संधीला वगळला जातो. आईला मी एकच अट घातली होती, पाणी तोडायचं नाही. थांबे निवडताना स्वच्छतागृह बघूनच निवडले गेले, म्हणून तिला ते जमलं.

मोठ्याचं खाणं: निघताना कोरडी पोळी, वाटेत मुरमुरे, थोडी केळी. दूध नाही, तळलेलं नाही. मोबाइल बंद. खेळ आजोबांनी काढला: आपल्या बाजूला ट्रॅक्टर दिसला की एक गुण, बैलबंडी दिसली की पाच. समृद्धीवर बैलबंडी येत नाही, पण कुंपणापलीकडच्या शेतांतून दिसते. ती शोधायला पोराला लांब क्षितिजापर्यंत बघावं लागतं, आणि गाडी लागू नये म्हणून हवं असतं तेच. आजोबांना हे कारण ठाऊक नव्हतं. मला त्या खेळाचं फार कौतुक वाटलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जालन्याच्या पुढे लहानी इतकी रडली की आईनं तिला चालत्या गाडीत काढून मांडीवर घेतलं. वडिलांनी पुढच्या इंटरचेंजला गाडी खाली उतरवली, वीस मिनिटं थांबले, पाजून तिला पुन्हा बसवलं. मोठ्याची एक उलटी झालीच, यवतमाळ सोडल्यावर, घर तासाभरावर असताना. त्या वेळी त्याच्या हातात मोबाइल होता. आत्यानं व्हिडिओ कॉल लावला होता.

जुलैत लसीकरणाचं विचारायला आईचा फोन आला, तेव्हा दिवाळीचा बेत समजला. वडील म्हणत होते, धामणगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडू, सरळ पुणे, गाडी चालवायची कटकट नको. आईला गाडीच हवी होती. रेल्वेत दोन पोरं आणि सामान घेऊन डब्याच्या टोकाच्या संडासापर्यंत जाण्यापेक्षा आपल्या हातानं निवडलेले थांबे बरे, असं तिचं मत. आजोबांचं मत तोवर विचारलेलं नव्हतं. आणि बालआसन? ते गाडीतून काढून ठेवलं होतं, सामानाला जागा लागते म्हणून. दिवाळीआधी पुन्हा बसवा, आणि तोवर तालुक्याला जातानाही वापरा, एवढं मी सांगितलं. तालुक्याला जाताना वापरतील असं मला वाटलं नाही.